ओलांडलेले हात

पंचांच्या अंगाला पाच महिने मुरूम लागला नव्हता. विहिरी खोदणाऱ्या माणसाला दुष्काळात काम मिळू नये, हे कुणाला सांगितलं तर त्याला हसू येईल. पण झालं होतं तसंच. पूर्वी पाणी आटलं की लोक त्यांच्या दारात येऊन बसायचे. आता मोठ्या रस्त्यावरून बोअरचं मशीन यायचं, दिवसभर धुरळा उडवायचं आणि जाताना कोरडं भोक मागे ठेवून जायचं. भोक कोरडं निघालं तरी लोकांना मशीनच बरं वाटायचं. पहार, घण आणि छिन्न्या पंचांनी गोणपाटात गुंडाळून खाटेखाली सारल्या होत्या. रोज सकाळी वाकून ते त्या जागेवर आहेत ना हे बघायचे.

"पळून नाही जायच्या," बायको म्हणायची. "तुमच्यासारख्याच आहेत. बसल्या जागी गंजतायत."

वस्तीत साठेक ख्रिस्ती घरं होती आणि एक दगडी प्रार्थनाघर. मंडळीचे चार पंच असायचे. त्यातले तिघे एकेक करून गेले आणि हे एकटे उरले, म्हणून पंच हेच त्यांचं नाव होऊन बसलं होतं. रविवारी पवित्र शास्त्र पंचच वाचायचे, तीस वर्षं. विहिरीच्या तळातून वरच्या माणसाशी बोलून बोलून आवाज असा कमावला होता की मागच्या बाकावर डुलक्या घेणाराही दचकून उठायचा. थोरले पाळक थंडीत वारले. जाण्याच्या आधी त्यांनी पंचांचा हात धरून सांगितलं होतं, "मंडळी सांभाळ. कुणी काही नवीन घेऊन आलं तर आधी त्याला विचार, मग आत घे." पंच हो म्हणाले होते. मरणाऱ्या माणसाला हो म्हणणं फार सोपं असतं.

नवे पाळक आले ते कुणी न बोलावता आले, आणि पाण्याचा टँकर घेऊन आले. तहानलेली वस्ती टँकरवाल्याला काय विचारणार? माणूस मोठा लाघवी. पांढराशुभ्र सदरा, हळू आवाज, आणि एकदा ऐकलं की कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाची सासू, सगळं तोंडपाठ. दोन महिने त्यांनी नुसती गोड गोड प्रार्थना केली. तिसऱ्या महिन्यात मुद्द्यावर आले. पापातून सुटका, तारण तुम्हाला मिळालंय ते खरं, म्हणाले, पण ते अंगणापर्यंतचं. घरात जायचं तर माझ्या हातून तेलाचा शिक्का घ्यावा लागेल. शिक्का घेतलेले ते आतले, बाकीचे अंगणातले. आणि आतल्यांनी काहीही केलं तरी देव ते मोजत नाही. हे ऐकून पिठाच्या गिरणीचा मालक, जो दर पायलीमागे मूठभर पीठ जिरवायचा, शेवटच्या बाकावरून सरळ पहिल्या बाकावर येऊन बसला.

पंचांना त्याच दिवशी कळलं की हे खोटं आहे. कळायला काय लागतं? तीस वर्षं ते ज्या पानांवरून बोट फिरवत आले, त्यात अंगण आणि घर असं कुठेच नव्हतं. प्रभू मेला तो सगळ्यांसाठी एकदाच मेला. हप्त्याहप्त्याने नाही. उद्या बोलू, असं पंचांनी ठरवलं, आणि उद्या नवे पाळकच त्यांच्या घरी आले.

खाटेवर बसून ते म्हणाले, "पंच, प्रार्थनाघराची विहीर खोल करायचीय. मशीन फाटकातून आत येत नाही. हाताने खोदणारा तुमच्याशिवाय आहे कोण? आणि पुढे नव्या इमारतीचा पायाही घ्यायचाय." मग त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "येत्या रविवारी तेल तुम्ही पहिलं घ्या. मंडळी तुमच्याकडे बघून चालते."

दोन गोष्टींच्या मध्ये तो चहाचा एक घोट, एवढंच अंतर होतं. पाळक गेल्यावर पंचांनी खाटेखालून गोणपाट ओढलं आणि छिन्न्यांना धार लावायला बसले.

तेल म्हणजे काय, तेलच तर आहे, असं स्वतःला समजावत ते रविवारी गुडघ्यांवर बसले. पाळकांनी ओंजळभर तेल डोक्यावर घातलं, ते कानामागून मानेवर ओघळलं. डोळे उघडून वळून पाहतात तर मागे रांग लागलेली. सगळ्यांत पुढे शिंपी, एका पायाने अधू, कुबडी बाजूला टाकून कसाबसा गुडघे टेकत होता. त्याच्या मागे पंचांची बायको. एका दिवसात बत्तीस घरांनी तेल घेतलं. अक्का आपल्या जागेवरून हलली नाही.

अक्का म्हणजे पंचांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पंच चार वर्षांचे होते आणि अक्का तेरा. तिनेच त्यांना मांडीवर घेऊन अक्षरं शिकवली, तीही शास्त्रावरूनच, कारण घरात दुसरं पुस्तक नव्हतं. पुढे ती सुईण झाली. वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हातून जगात आलेली. लग्न तिने केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "दुसऱ्यांची पोरं बाहेर काढता काढता दमले, स्वतःची कुठून आणू?"

संध्याकाळी ती पंचांच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच उभी राहिली.

"कान पूस आधी," ती म्हणाली.

पंचांनी सदऱ्याच्या बाहीने कान पुसला. "अक्का, तेलच आहे गं."

"तेलाचं मला सांगतोस? जन्म गेला माझा बाळांना तेल लावण्यात. तो काय म्हणतोय ते सांग. प्रभूने केलं ते कमी पडलं, असंच ना?"

"तसं सरळ नाही म्हणत."

"मग वाकडं म्हणत असेल. तुला कळतंय की नाही?"

"कळतंय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," पंच म्हणाले, आणि मान खाली घातली.

अक्का म्हणाली, "मग बोल. मला धड वाचता येत नाही आता, डोळे गेले. मी बोलले तर म्हणतील, म्हातारी बरळतेय. तुझं ऐकतील."

"विहिरीला पाणी लागू दे. मग बोलतो. नक्की."

"म्हणजे तोवर प्रभूने ताटकळत बसायचं," अक्का म्हणाली आणि निघून गेली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. या मंडळीची एक रीत होती. द्राक्षरसाचा पितळेचा पेला एकच, आणि तो कुणी स्वतःहून घ्यायचा नाही. शेजारच्याने तो हातात द्यायचा आणि देताना नातं घेऊन म्हणायचं, "घे काका, तुझ्यासाठी," "घे वहिनी, तुझ्यासाठी." नातं नसेल तर जोडायचं. हाडवैर असलेले दोघे शेजारी बसले तर बाकीच्यांना गंमत वाटायची. पण द्यावाच लागायचा, आणि तोंडाने म्हणावंही लागायचं. अशी कितीतरी भांडणं त्या पेल्याने मिटवली होती. पंच बाकाच्या टोकाला बसायचे आणि त्यांच्या शेजारी अक्का. तीस वर्षं अक्काला पेला त्यांच्याच हातून मिळत आला होता.

त्या दिवशी पेला पंचांच्या हातात देताना नवे पाळक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेला आतल्यांसाठी आहे. अंगणातल्यांनी आज फक्त प्रार्थना करावी." आवाज मध घातल्यासारखा गोड होता.

पंच प्यायले. वळले. अक्काने सवयीने दोन्ही हात पुढे केले होते. बोटांची पेरं सुजलेली, तळवे वर केलेले. डोळ्यांनी तिला नीट दिसत नव्हतं. भाऊ कुठे आहे हे तिला अंगाच्या उबेने कळत असावं. पंचांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक हसत होते. पंचांनी पेला तिच्या हातांवरून पलीकडे नेला आणि पलीकडच्या गिरणीवाल्याला दिला.

"घ्या दादा, तुमच्यासाठी," त्यांच्या तोंडून निघालं.

अक्काचे हात तसेच राहिले. तिला वाटलं असेल, देतोय, जरा वेळ लागतोय. पेला पुढे गेला, शिंप्यापर्यंत गेला, मागच्या बाकांवर गेला, तरी हात तसेच. मग कुणीतरी मागे खाकरलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिने हात मांडीवर घेतले, लुगड्याला पुसले आणि भिंतीला धरत धरत बाहेर गेली. तिला धरायला कुणी उठलं नाही. पंचही उठले नाहीत.

घरी बायकोने ताट वाढलं ते तसंच झाकून ठेवलं. ती चुलीपाशी बसून म्हणाली, "तुम्ही ओलांडलंत, म्हणून मीही पलीकडच्या म्हातारीला ओलांडलं. हात जरासुद्धा थरथरला नाही माझा. त्याचीच लाज वाटतेय."

सोमवारी ते विहिरीत उतरले. चाळीस हात खोल, तळाला सुकून तडकलेला गाळ आणि त्याखाली काळा कातळ. वर कप्पीवर बायको आणि दोन मजूर. गाळ घमेल्याने भरायचा, बादलीत ओतायचा, दोराला हिसका द्यायचा की बादली वर. मग कातळावर छिन्नी धरायची आणि घण घालायचा. चार घावांना ओंजळभर कपची निघायची. अंगात अर्धी चड्डी, डोक्याला फडकं. घाम डोळ्यांत उतरला की तो पुसायला हातही स्वच्छ नाही. पाच महिने ज्या कामासाठी जीव तगमगला, ते काम हातात होतं, आणि पंचांना ते गिळवत नव्हतं. तळातून वर पाहिलं की आभाळ ताटाएवढं दिसायचं. एरवी त्यांना ते आवडायचं. आता त्यांना वाटायचं, बरं आहे, इथे माझं तोंड कुणाला दिसत नाही.

रोज संध्याकाळी ते अक्काच्या घरावरून जायचे. तिचं दार उघडं असायचं. ते चाल वाढवायचे. सहाव्या दिवशी तिने दारात येऊन विचारलं, "कोण?" आणि पंच, पन्नाशी उलटलेला माणूस, चोरासारखे भिंतीला चिकटून उभे राहिले, ती पुन्हा आत वळेपर्यंत.

नवव्या दिवशी, उन्हं चढायच्या सुमाराला, घणाचा आवाज बदलला. भरीव होता तो पोकळ झाला. पंचांनी पहार घालून कातळाची एक ढलपी उचकटली, आणि फटीतून पाणी आलं. फार नाही, करंगळीएवढी धार. पण गार आणि स्वच्छ. त्यांनी ओंजळ लावून चव घेतली. गोड होतं. ते ओरडले, "लागलं!"

वर एकच गलका झाला. वस्ती हंडे-कळशा घेऊन धावली. पाणी घोट्याएवढंही साचलं नव्हतं, बादली बुडत नव्हती. तळाशी माणसाने तांब्याने बादली भरायची आणि मग वर ओढायची, दुसरा इलाज नव्हता. पंच भरायला वाकले आणि वरून पाळकांचा आवाज उतरला. विहिरीत सगळं स्पष्ट ऐकू येतं.

"रांगेत या. आधी आतले. अंगणातल्यांनी फाटकापाशी थांबा. अक्का, तुम्ही पण. उन्हात नका उभ्या राहू, तिकडे सावली आहे."

पंचांच्या हातातला तांब्या थांबला. त्यांनी बादली पालथी केली, होतं तेवढं पाणी सांडलं आणि दोराला हिसका दिला. बादली रिकामी वर गेली. पुन्हा खाली आली, पुन्हा रिकामी गेली.

"काय झालं हो?" बायकोने वाकून विचारलं.

"पहिली बादली अक्काची," पंच खालून ओरडले. "नाहीतर मी भरत नाही."

मग काठीची टकटक काठावर आली आणि अक्काचा आवाज आला, म्हातारा पण खणखणीत.

"अरे, पाण्यावरून कसला अडून बसलायस? लहान लेकरं आहेत इथे. भर ती बादली. मला पाणी नको होतं तुझ्याकडून. बोलायचं असेल तर वर ये आणि तोंड दाखवून बोल. खड्ड्यात बसून कुणीही शूर होतं!"

दोन-चार जण हसले. पंचांचं तोंड अंधारातही तापलं. अगदी खरं बोलली होती ती. वाद घालायला त्यांनी जागा निवडली होती ती चाळीस हात खोल. त्यांनी मुकाट्याने बादली भरली, वर पाठवली, मग कमरेला दोर बांधला आणि म्हणाले, "ओढा."

ते वर आले ते खांद्यांपर्यंत चिखलाने माखलेले, चड्डी ओली होऊन घसरत असलेली. ती एका हाताने धरावी लागत होती. समोर बायकाही होत्या. तीस वर्षं ज्या लोकांपुढे ते इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले, त्यांच्यापुढे असे उभे राहिले. कमावलेला आवाज कुठे गेला कळेना.

"तारण एकच आहे," ते म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले. "सगळ्यांचं मिळून एकच. आत आणि अंगण असं काही नाही. तेलाने त्यात भर पडत नाही, आणि तेल नसल्याने काही कमी होत नाही. प्रभूने केलं ते पुरेसं आहे."

पाळक पुढे आले. त्यांनी पंचांच्या चिखलाच्या खांद्यावर स्वतःचा स्वच्छ हात ठेवला. "खालची हवा वाईट असते," ते लोकांकडे वळून म्हणाले. "नऊ दिवस उतरतायत बिचारे, डोक्यात गेलीय. पंच, बसा सावलीत. पाणी प्या. विश्रांती घ्या, उद्यापासून पायाचं काम आहेच."

लोकांनी माना डोलावल्या. पंचांना दिसलं की सुटकेचं दार उघडं आहे. नुसतं खाली बसायचं होतं, बोलायचंही काही नव्हतं. उद्या सगळे म्हणाले असते, हवेनं झालं. त्यांचे गुडघे खरोखरच वाकू लागले. ते अर्धे वाकले, आणि मग स्वतःचीच इतकी किळस आली की ताठ झाले.

"हवा चांगली आहे," ते म्हणाले. "मी शुद्धीवर आहे. त्या रविवारीही शुद्धीवर होतो. हे खोटं आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. काम जाईल म्हणून गप्प बसलो. काम हवं होतं म्हणून पहिलं तेल मी घेतलं. आणि जिनं मला वाढवलं तिच्या हातांवरून पेला पुढे नेला."

पाळकांनी हात काढून घेतला आणि रुमालाला पुसला. आवाज तसाच हळू होता. "मग तुमचं काम संपलं. हत्यारं उचला. वाचनही दुसरं कुणी करेल."

कुणी पंचांच्या बाजूने आलं नाही. कुणी पाळकांनाही काही म्हणालं नाही. रांग तशीच राहिली, कारण तहान तशीच होती; एक मजूर तांब्या घेऊन खाली उतरला. गिरणीवाल्याने हंडा पुढे सरकवला. बायकोने मात्र कप्पी सोडली आणि धार लावायला वर काढलेल्या छिन्न्या कपच्यांतून गोळा करू लागली.

पंच अक्कासमोर गेले. "अक्का," ते म्हणाले. चिखलाचे हात जोडलेले तसेच राहिले.

"माझं सोड," अक्का म्हणाली. "मला दुखलं ते दुखलं, ते जाईल किंवा नाही जायचं. पण मी कुठे गेले नाही, जिथे होते तिथेच आहे. तुझ्याकडे बघून जे गेले, त्यांचं काय? बत्तीस घरं. त्यांना जाऊन सांग."

"आज?"

"मग काय, आणखी एका विहिरीला पाणी लागल्यावर?"

त्यांना अंग धुवायलाही मिळालं नाही. बायकोने सदरा आणून दिला तो चिखलावरच चढवला. पहिलं घर गल्लीच्या तोंडाशी, शिंप्याचं. तो मशीनवर होता, तोंडात टाचण्या धरून एका बाहीला टीप घालत होता. बातमी पंचांच्या आधी पोचलेली होती. पंच उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि सगळं बोलले. शिंप्याने मशीन थांबवलं. टाचण्या एकेक करून काढून गादीला टोचल्या.

"पंच, तुम्ही गुडघे टेकलेत म्हणून मी टेकले," तो म्हणाला. "या पायाने गुडघे टेकायला मला काय होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला? चार दिवस उठवत नव्हतं. तरी आनंदात होतो, आत गेलो म्हणून. आता म्हणताय ते काहीच नव्हतं. बरं. मग तीस वर्षं दर रविवारी जे वाचत होतात, ते?"

"ते खरं आहे. खोटा मी निघालो."

"हो, पण मला कसं कळायचं? मला वाचता येत नाही. मला ते पुस्तक म्हणजे तुमचा आवाज. ऐकलं ते तुमच्या तोंडून, आणि तेल घेतलं ते तुमच्या मागून. त्यातलं कुठलं धरू आणि कुठलं सोडू?"

पंचांनी मागे वळून पाहिलं. अक्का गल्लीत काठीवर भार देऊन उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने तोंड दुसरीकडे केलं.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "त्यानं तुला विचारलंय."

पंचांना आता समजलं की आपण नुसत्या बहिणीला ओलांडलेलं नाही. या माणसाजवळ देवाची जी काय ओळख होती ती आपल्या आवाजातून गेलेली होती, आणि आपण तिच्यावरच पाय दिला. लाजेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठ असलेली सगळी वचनं ओठांवर येऊन उभी राहिली, आणि त्यांतलं एकही त्यांना उच्चारवेना. त्या आवाजात आता काहीच सांगता येणार नव्हतं.

शिंपी वाट बघत होता. त्याने 'या' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. पंच तिथेच, बाहेर, चपलांच्या शेजारी खाली बसले. आणि आई गेल्यावर अक्काने मांडीवर घेऊन प्रभूची गोष्ट पहिल्यांदा कशी सांगितली होती, ते त्यांनी अडखळत, चुकत, मधेच नाक पुसत, आपल्या साध्या बोलीत सांगायला घेतलं. शिंप्याने मशीन परत सुरू केलं नाही. समोरच्या दारातून दोन बायका बाहेर आल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या. पंचांचे कान तापलेले होते, मान वर होत नव्हती, आणि ते बोलत होते.